आजोबांनी सोडलेला मासा

मित्रांनो, मी विळी. जुनी झाले आहे, पण अजून मोडीत निघालेली नाही. सिल्वासाजवळ सामरवरणीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ओट्याखाली, भिंतीला टेकून मी मिटून पडलेली असते. वर ओट्यावर मिक्सर आणि चाकू मिरवतात. मला फारसं कुणी विचारत नाही. त्याचं मी काही मनावर घेत नाही. या वयात कोण कुणाला विचारतं? पण एका गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म दापोलीकडचा. खाडीकाठच्या एका लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापवून, ठोकून माझं पातं घडवलं आणि फणसाच्या पाटावर मला बसवलं. अलकाच्या आईने लेकीच्या लग्नात मला रुखवतात मांडलं होतं. पाहुण्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिची आई म्हणाली, "हसा खुशाल. माझ्या लेकीला मासे कापायचे असतील तेव्हा तुमचा चांदीचा करंडा कामाला येणार नाही." त्या दिवशी मी जाम खूश होते.

अलकाचे यजमान वसंतराव इथे सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून होते. त्या काळी इथे समुद्राचा ताजा मासा रोज मिळत नसे. अलका बाजारात जायची, टोपल्या बघायची आणि नाक मुरडून परत यायची. मी आपली कोबी चिरत होते, दुधी चिरत होते, नारळ खवत होते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अलकाला दिवस गेले. पोटात काही म्हणता काही ठरेना. भाताचा वास आला तरी ती मोरीकडे धावायची. हाडांचा नुसता सापळा झाला होता. आणि डोहाळे लागले ते गाबोळीचे. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. माहेरी आई ती तव्यावर खरपूस परतून द्यायची, ते तिला रात्रंदिवस आठवायचं. वसंतराव बिचारे हवालदिल झाले होते.

नेमके त्याच आषाढात वसंतराव गावोगाव फिरून लोकांना एकच गोष्ट सांगत होते. या दिवसांत नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. उथळ पाण्यात ते हातानेसुद्धा सापडतात. तेव्हा ते धरू नका, पुढच्या वर्षीचे मासे त्यांच्या पोटात आहेत, असं त्यांनी समजावून सांगायचं. ते कचेरीचंच काम होतं. सुरंगी गावात त्यांनी हे सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. परत येताना वाटेतल्या ओढ्यात त्यांना दगडांमध्ये अडकलेला एक मोठा मासा दिसला. पोट टम्म फुगलेलं. वसंतरावांनी सायकल आडवी टाकली, पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी मासा उचलला.

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. रेनकोटात गुंडाळलेला तो मासा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि सगळी हकीकत दार लावून, दबक्या आवाजात अलकाला सांगितली. मग अलकाने पाटावर पाय ठेवला आणि मी तो मासा कापला. ओंजळभर गाबोळी निघाली. त्या दुपारी कित्येक दिवसांनी अलका पोटभर जेवली, आणि ते पोटात ठरलं. वसंतराव नुसते तिच्याकडे बघत बसले होते. मला त्या जेवणाचा राग आला नाही. खरं सांगते, आजही येत नाही.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी. कचेरीतल्या श्रीकांत नावाच्या माणसाने त्यांना ओढ्यात वाकलेलं पाहिलं होतं. त्याने भर कचेरीत विचारलं, "काय वसंतराव, मासा मिळाला का?" वसंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "आला होता हातात. पण पोट भरलेलं दिसलं, दिला सोडून." झालं. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी वसंतराव घरी येऊन डोकं धरून बसले. अलका म्हणाली, "जाऊ द्या हो. कुणाला कळणार आहे?"

कुणालाच कळलं नाही. गोष्ट मात्र फोफावली. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात ती भाषणात आली. मुलाच्या, म्हणजे योगेशच्या लग्नात ती व्याह्यांना सांगून झाली. दरवर्षी मासा थोडा थोडा वाढतही गेला. ओट्याखाली बसून ऐकताना मला वाटायचं, मला तोंड असतं तर बरं झालं असतं. ज्या माशाची खवलं मी स्वतः काढली, तो म्हणे नदीत सुखाने पोहत गेला.

योगेशची मुलगी पूजा आता पाचवीत आहे. तिने ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली की तिला ती तोंडपाठ झाली. गेल्या वर्षी तिने जाहीर केलं, "आषाढात अंडीवाला मासा आपल्या घरात आणायचा नाही. आजोबांनी सोडला तर आपण का खायचा?" मुलगी बोलली ते काही चुकीचं नव्हतं. मी आयुष्यभर मासे कापले आहेत. एका गाबोळीत किती जीव असतात, ते माझ्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही. योगेश कुरकुरला, पण पोरीचं कौतुकच करत होता. वसंतराव तेवढे ताटात मान घालून जेवत राहिले.

यंदाच्या आषाढात, एका रविवारी, तळमजल्यावरच्या केसरबाई वर आल्या. त्या खानदेशातल्या. त्यांचा मुलगा नवनाथ खडोलीच्या कारखान्यात कामाला आहे आणि सून सरिता तेव्हा सातव्या महिन्यात होती. केसरबाई म्हणाल्या, "ताई, तुमची इळी द्या ना जरा. नवनाथने मासा आणला, पण माझ्या चाकूले धारच नाही. सूनले पहिल्यांदा काही खायचं मन झालं."

अलकाने पूजाच्या हाती मला खाली पाठवलं. किती दिवसांनी मला काम मिळालं होतं. केसरबाईंनी अर्धा मासा कापला, आतली गाबोळी काढली आणि आधी तीच परतून सरिताला ताटलीत दिली. सरिताने पहिला घास उचलला.

दारात उभी असलेली पूजा म्हणाली, "सरिताताई, तो मासा अंडी घालायला निघाला होता. तू त्याची सगळी पिल्लं खाणार. तू पण आई होणार आहेस ना? तुला काहीच वाटत नाही? माझ्या आजोबांनी तर हातात आलेला मासा सोडून दिला होता."

सरिताने घास ताटलीत परत ठेवला. तिने ताटली हळूच पुढे सरकवली आणि पदराने हात पुसले. केसरबाई म्हणाल्या, "पोरी, जेवणाऱ्याले असं बोलू नये." पूजाने रागारागाने मला उचललं आणि तशीच, न धुता, वर घेऊन आली. माझ्या पात्याला खवलं चिकटलेली होती. त्याहून जड मला ती न खाल्लेली ताटली झाली होती.

पूजाने वर येऊन फुशारकीने सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. अलकाचा चेहरा पांढराफटक पडला. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

वसंतरावांनी पेपर खाली केला नाही.

"काय सांगायचंय?" पूजाने विचारलं.

अलका खाली बसली. "तो मासा सोडला नव्हता, पूजा. मी खाल्ला. याच विळीने कापला. तुझा बाबा माझ्या पोटात होता आणि मला दुसरं काही पचत नव्हतं."

पूजाने आजोबांकडे पाहिलं. "सोडला होता ना, आजोबा?"

पेपर खाली आला. "नाही, बाळा."

"मग सगळ्यांना का सांगता?"

"त्या दिवशी लाज वाटली म्हणून खोटं बोललो. मग लोक चांगलं म्हणायला लागले, तेव्हा खरं बोलायची लाज वाटायला लागली."

 पूजाचा आवाज एकदम रडवेला झाला. "मी सरिताताईला तुमचं नाव घेऊन बोलले. ती उपाशी राहिली."

वसंतराव उठले. त्यांनी शर्ट चढवला आणि बटणं लावत लावतच जिना उतरले. अलकाने मला धुतलं आणि उरलेला मासा कापून द्यायला मला घेऊन मागोमाग गेली. पूजाही आली.

खाली केसरबाई लगबगीने म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कशाले आले? बसा ना." वसंतराव बसले नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ओढा, रेनकोट, गाबोळी आणि कचेरीतली थाप. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाले, "सरिता, माझ्या खोट्यापायी तू ताट सारलंस. आता जेव."

सरिताने विचारलं, "काकूंनी खाल्लं, तेव्हा त्यांना कुणी काही म्हटलं होतं का?"

"नाही," वसंतराव म्हणाले. "उलट मला शाबासकी मिळाली."

 केसरबाईंनी गाबोळी पुन्हा तव्यावर टाकली. पूजा हळूच म्हणाली, "ताई, मी अजूनही खाणार नाही. पण तुला तसं बोलायला नको होतं." सरिताने मान हलवली, एवढंच.

मित्रांनो, मला धार लावा, ओली ठेवू नका, वापरून झाल्यावर मिटून ठेवा. हे सगळं मी मागणार होते, विळीने दुसरं काय मागायचं? पूजासारखं काय खायचं नाही हेही जरूर ठरवा, ते चांगलंच आहे. पण ते आपल्या ताटापुरतं ठरवा, आणि खोट्या मोठेपणावर ठरवू नका. कारण त्या दुपारी सरिता जेवली खरी, पण आम्हां सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवली. दोन जिवांच्या बाईवर अशी वेळ पुन्हा कुणी आणू नका.