खाचेतलं कुंकू

शहापुरातलं भावकूंचं दुकान एकाच वस्तूचं होतं. कॅसेट घालून टीव्हीवर खेळायचा जुना व्हिडिओ गेम. कंपनीनं तो बनवणं कधीच थांबवलं होतं. भावकू मात्र त्याच्या पिना, वायरी, जॉयस्टिक सांभाळून होते. गिऱ्हाइकं अजून होती, पण दुकानात माणसं येत नसत, कुरिअरनं खोकी येत. खोक्यावरचं नाव भावकू मोठ्यानं वाचत. दुकानात तेवढाच आवाज.

दुरुस्ती झाली की दोन्ही जॉयस्टिक तपासाव्या लागत. भावकू दोन्ही मांडीवर घेऊन एकेका हातानं दोन गाड्या पळवत. कोण जिंकलं याला काही अर्थ नसे.

दसरा झाल्यावर वडगावच्या बायाक्का स्वतः गेम घेऊन आल्या.

"अण्णा, हे चालू व्हायलाच पायजे. दिवाळीला पोरगा येतोय, राजकुमार, हैदराबादहून. हे चालू असलं तर दोन दिस घरात बसतोय. न्हायतर जेवला की चालला दोस्तांकडं."

भावकूंनी झाकण उघडलं. कॅसेटची खाच आतून लाल झाली होती.

"आक्का, आत कुंकू हाय."

"असणारच की. खंडेनवमीला पूजा केली न्हवं."

"ह्याची?"

"विणायचे माग विकले. मग कुणाची करू, मिक्सरची?"

भावकू हसले. सवय नसल्यानं हसण्याचा ठसकाच झाला.

स्पिरिट आणि ब्रशनं त्यांनी एकेक पिन पुसली. काम थोडं होतं, ते सावकाश करत राहिले. मधे चहा मागवला. मग दुसरी जॉयस्टिक त्यांनी बायाक्कांच्या हातात दिली.

"तपासाय दोघं लागतात."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हे दाबलं की गाडी पळती."

मागावर तुटला धागा धावत्या धोट्यातून हेरणारी नजर होती ती. बायाक्का दोनदा जिंकल्या.

"मुद्दाम हरताय व्हय ओ?"

"न्हाय ओ," भावकू म्हणाले. ते खरं होतं.

गेम खोक्यात भरताना त्यांचा हात रेंगाळला. पुढच्या खंडेनवमीला कुंकू पुन्हा खाचेत जाणार, गेम पुन्हा बंद पडणार, बायाक्का पुन्हा येणार. काही बोलायचीही गरज नव्हती. त्यांनी सुतळी बांधली. मग सोडली.

"आक्का, पूजेआधी ह्या खाचेवर कागद चिकटवत जावा. कुंकू वरनंच लावा. मग बिघडायचा न्हाय."

"कधीच?"

"लई वर्षं तरी न्हाय."

"बरं झालं सांगितलासा. हेलपाटा वाचला."

रिक्षा वळेपर्यंत भावकू दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी दुकानातला गेम लावला. दुसरी जॉयस्टिक बायाक्का बसल्या होत्या त्या स्टुलावर ठेवली. पडद्यावर दोन गाड्या उभ्या राहिल्या. त्यांनी आपली पळवली. दुसरी रेषेवरच थांबली होती. तिला त्यांनी हात लावला नाही.