ठवणीवर उघडलेलं अर्धवट सोडायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी ठवणी आहे. कपाळाला आठ्या नका घालू! आमच्या इंदुरातही हे नाव आता फार जणांना ठाऊक नाही. पोथी ठेवून वाचायचा घडीचा लाकडी आधार म्हणजे ठवणी. आमच्या घरातली शलाका तर मला ‘लकडी का लॅपटॉप स्टँड’ म्हणते. म्हणू दे बापडी.

मानपूरच्या एका सुताराने सागवानाच्या एकाच फळीतून मला घडवलं. खिळा नाही, सरस नाही. मिटले की मी साधी फळी, उघडले की पुस्तकासाठी धरलेली ओंजळ.

शलाकाच्या आजीला, कुमुदिनीताईंना, त्यांच्या आईने लग्नात मला दिलं आणि सोबत एक नेमही दिला. ठवणीवर उघडलेलं अर्धवट सोडून उठायचं नाही. ताईंनी तो नेम देवाच्या दिव्यासारखा सांभाळला. रोज स्नान झालं की माझ्यावर पोथी, एक अध्याय, मग चहा. दूध उतू गेलं तरी ओवी तुटली नाही. येणारे-जाणारे म्हणत, “ठवणी कशी आरशासारखी ठेवली आहे!” आणि मी मनातल्या मनात चमकत असे.

पण एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. रद्दीतून एकदा ताईंच्या हाती एक हिंदी जासूसी कादंबरी आली होती. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानंही नाहीत. त्यामुळे लेखकाचं नाव कळेना आणि खुनी कोण तेही कळेना. नेम तर अर्धवट न सोडण्याचा! ताईंनी ती लाल फडक्यात बांधून पोथीशेजारी ठेवली आणि वर्षानुवर्षं माझ्यावर उघडून पुन्हा पुन्हा वाचली. विचारणार कुणाला? व्रतवैकल्यं करणारी बाई, लोक काय म्हणतील!

मग ताईंचे गुडघे दुखू लागले. त्या टेबलाशी बसून वाचू लागल्या. विजय नगरच्या या फ्लॅटमध्ये मी माळ्यावर गेले, मिक्सरच्या खोक्यामागे. धूळ बसली, सांधा आखडला. कुणाला माझी आठवणही होत नसे.

यंदा शलाकाने घरी ‘आपला लेखक’ अशी बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपला आवडता लेखक आणायचा, भाषा कोणतीही, प्रकार कोणताही. त्यासाठी तिने मला खाली काढलं, सांध्याला तेल दिलं, टेबलावर मांडलं. मित्रांनो, काय सांगू तो आनंद! महूच्या गिरिजाबाईंनी माझ्यावर मराठी कवितांचं पुस्तक ठेवलं. त्यांचे फौजी आजोबा त्या कविता बराकीत म्हणत असत. शलाकाने इंग्रजीतून जपानी भुतं आणली. सांवेर रोडच्या कारखान्यात काम करणाऱ्या शेजारच्या समीरने हिंदी व्यंग्य वाचलं आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसला. एवढ्या भाषा माझ्या अंगावर कधी उतरल्या नव्हत्या!

ताईंची पाळी आली की त्या म्हणत, “माझं राहू दे गं.” आणि स्वयंपाकघरात जात. आपल्या लेखकाचं नावच माहीत नाही, हे सांगायचं तरी कसं?

त्या दिवशी संकष्टी होती. समीर म्हणाला, “काकूजी, आज नहीं छोडेंगे. पोथी तर पोथी, वाचा ना.”

ताई उठल्या. लाल फडकं आणलं, माझ्यावर ठेवलं, गाठ सोडली. उरलेल्या पहिल्याच पानावर पिस्तुलाचं चित्र!

“आजी!” शलाका किंचाळली. “तू आणि मर्डर मिस्ट्री?”

“लेखकाचं नाव मला ठाऊक नाही,” ताई हळूच म्हणाल्या. “पण माझा लेखक हाच.” आणि वाचू लागल्या. जासूस बुटाची नाडी बांधता बांधता चोर ओळखतो, तिथवर आल्या तोच समीर उडालाच.

“अरे, ये तो अपना नाडीवाला जासूस! पप्पांकडे पूरी किताब आहे. खुनी तर तो…”

“बोलू नकोस!” तिघी एकदम ओरडल्या.

समीरने लेखकाचं नाव तेवढं सांगितलं. ताईंनी ते दोनदा पुटपुटलं, जपातलं नाव घ्यावं तसं. समीर धावत घरी गेला आणि पुस्तक घेऊन आला. माझ्यावर शेवटचा अध्याय उघडला. मीही सांधा ताणून ऐकू लागले!

“आजी, चंद्र उगवला,” शलाका खिडकीतून म्हणाली. “उपास सोड ना.”

“उगवू दे. आधी खुनी सापडू दे.”

“अहो ताई, बाप्पा रागावेल,” गिरिजाबाई हसून म्हणाल्या.

“नाही रागावणार. तो लिहायला बसला होता तेव्हा मध्ये थांबला होता का?”

खुनी सापडला. ताईंनी पुस्तक मिटून कपाळाला लावलं, मग चंद्राला हात जोडले आणि मोदक सगळ्यांत आधी समीरला दिला.

तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल, मित्रांनो. तिला खाली काढा, तेलाचं बोट लावा आणि तुमचा आवडता लेखक तिच्यावर मोठ्याने वाचा. लाजू नका. तुमच्या पुस्तकाचं हरवलेलं पान शेजाऱ्याच्या घरी असू शकतं.

आणि खुनी कोण? ते मी सांगणार नाही. वाचा की!