मागची चाकं तापतात

बायको गेली आणि मिस्त्रीच्या जुन्या गाडीची मागची चाकं तापायला लागली. चार गल्ल्या फिरून आलं की करपल्याचा वास यायचा, चाकाला हात लावला की चटका बसायचा. जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या या माणसाने स्वतःच्या गाडीपुढे मात्र हात टेकले. ब्रेकचे लायनर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, पार्ट विकणाऱ्याला शिव्या घालून झाल्या. जॅकवर चढवली की चाकं भिंगरीसारखी फिरायची, आणि रस्त्यावर आली की पुन्हा तेच रडगाणं.

एकदा लेक भेटायला आली. तिला स्टँडवर सोडायला निघाला तेव्हा ती लहानपणच्या सवयीने मागेच बसली. गाडी रडतखडत हलली तशी ती म्हणाली, "बाबा, हँडब्रेक ओढलेलाच आहे की!"

"मग जॅकवर चाकं मोकळी कशी फिरतात?" तो खेकसला.

"कामाला बसलात की तुम्ही सोडता. रस्त्यावर आई सोडायची."

खरंच होतं. दारासमोर उतार, म्हणून गाडी लावताना तो हँडब्रेक ओढायचा आणि निघताना शेजारी बसलेली बायको सोडायची. "माझ्या गाडीला हात लावू नकोस," असं तो दर वेळी तिच्यावर डाफरायचा.

रिकाम्या सीटलगतचा दांडा त्याने खाली केला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच गाडी सुरळीत धावली, आणि मिस्त्रीला ते मुळीच आवडलं नाही.