जेवणाच्या सुट्टीतला प्रभुलिंग

माईक महादेवीच्या कपाळापर्यंत येत होता. मंडळाच्या केरबानं स्टेजवर चढून तो खाली केला, त्यावर टिचकी मारली आणि जाता जाता हळूच म्हणाला, "वयनी, काय बी बोला, पन गप नका हुबारू."

उचगावच्या गणपतीतला नकलांचा कार्यक्रम होता, नव्याण्णव सालचा. महादेवीनं आधी एसटीचा कंडक्टर करून दाखवला, मग दवाखान्यातली नर्स. ओळखीच्या बायका तोंडदेखलं हसल्या. पुरुष हाताची घडी घालून बसले होते. मागून कोणीतरी म्हणालं, "वयनी, हासायचं कवा त्येवढं सांगा म्हंजे झालं." त्यावर मात्र सगळा मांडव हसला.

ती कामाला होती त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत असं कधी झालं नव्हतं. तिथं ती साच्यात घालायचे वाळूचे कोअर करायची. जेवणाच्या सुट्टीत बायका भट्टीपासून लांब, पत्र्याच्या सावलीत डबे उघडून बसत. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी बयाबाई म्हणायची, "हं महादेवी, काड भाईर तुज्या नवऱ्याला." महादेवी पदर खोचायची, उजवा खांदा जरा खाली सोडायची आणि प्रभुलिंग व्हायची.

"माजी चप्पल कुटं ग्येली?"

"पायात हाय की तुमच्या."

"मग आदी सांगायचं न्हवं! सगळं घर हुडीकलं."

हसता हसता बायकांना ठसका लागायचा. प्रभुलिंग गुळाच्या यार्डात हमाल होता आणि दुपारी फौंड्रीत आपली नक्कल चालते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी पायांवर पाणी घेताना तो विचारायचा, "आज काय क्येलंस माजं?" ती सांगायची. तो गंभीर तोंडानं ऐकायचा आणि म्हणायचा, "खोकला न्हाय जमला तुला. खोकला असा." आणि खोकून दाखवायचा.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी यार्डातच त्याच्या छातीत कळ आली. त्यानंतर महादेवी कामावर जात राहिली, डबा खात राहिली. बयाबाईनं पुन्हा कधी तसं म्हटलं नाही. त्या सुट्टीतला तो अर्धा तास आता फार मोठा वाटायचा.

केरबा गणपतीत नकला करता का विचारायला आला तेव्हा ती हो म्हणाली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सासू, रत्नव्वा, तांदूळ निवडत बसली होती. केरबा गेल्यावर सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "रांडाव बाई स्टेजवर चढली म्हनून लोक बोलतील. बोलंनात का. मला त्येचं काय न्हाय. पन माज्या ल्येकराला तितं हासाय काडू नगंस."

"न्हाय काडत, आत्ती."

शब्द दिला होता. आणि आता रत्नव्वा दुसऱ्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे बघत बसली होती.

महादेवीला पुढचं काही आठवेना. केरबा पडद्याआडून हातानं खुणा करत होता. घशाला कोरड पडली म्हणून ती खोकली, आणि तो खोकला प्रभुलिंगाचा होता. अगदी तसाच. त्याच्या हयातीत एकदाही न जमलेला.

कडेला बसलेल्या बयाबाईनं तोंडावर पदर घेतला. महादेवीचा उजवा खांदा आपोआप खाली आला.

"यार्डातला समदा गूळ ह्या खांद्यावरनं जातोय," ती त्याच्या आवाजात म्हणाली. "आडत्या म्हंतो, प्रभुलिंग, तू हाईस म्हनून यार्ड हाय. पन घरात तांब्या उचलायचा म्हटलं की हितं, हितं चमक भरतीया बगा."

मागच्या रांगेतला तो मघाचा माणूस सगळ्यात आधी हसला. मग त्याच्या शेजारचे. बायकांनी नवऱ्यांकडे माना वळवून पाहिलं आणि हसू मांडवभर झालं. महादेवीनं चप्पल हुडकली, खिशातला कंगवा हुडकला. मग दमून स्टेजच्या काठावर टेकली, एक गुडघा वर घेतला आणि दारातल्या आईकडे बघावं तसं बघून म्हणाली, "आव्वा, पानी दे गं. हिला सांगालोय तर ही नुसती हासतीया."

रत्नव्वा उठली.

महादेवीनं ते पाहिलं. लोक हसतच होते. म्हातारी खुर्च्यांमधून वाट काढत निघाली, तेव्हा महादेवीला वाटलं, झालं. आता ती घरी जाईल आणि उद्यापासून घरात कोणी कोणाशी बोलणार नाही.

रत्नव्वा मांडवाच्या खांबाशी थांबली. तिथल्या माठातून तिनं तांब्या भरून घेतला आणि सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरून ती स्टेजपाशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोजच्या संध्याकाळी असायचा तसाच चेहरा होता. लोकांना वाटलं, हे ठरवलेलंच आहे. टाळ्या पडल्या.

महादेवीनं तांब्या घेतला. मान मागं टाकून, वरून धार धरून, प्रभुलिंग प्यायचा तशी ती घटाघटा प्याली. गळ्यावरून पाणी ओघळलं.

रिकामा तांब्या परत घेत रत्नव्वानं विचारलं, "आनि देऊ?"

प्रभुलिंगाचं एका तांब्यावर कधी भागत नसे.

"दे की," महादेवी म्हणाली.

म्हातारी माठाकडे वळली. खुर्च्यांतल्या लोकांनी पाय आखडून घेत तिला वाट दिली.