वर्षाराणीचा हुंकारा

रोज संध्याकाळी श्रीमंत लातूरला लेकीला फोन लावायचा आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवायचा. पोरगी डॉक्टर व्हायच्या वाटेवर आहे, हे शेजाऱ्यांनाही कळायला नको का?

"वर्षे, टेस्ट झाली?"

"हं."

"मार्क वाढले?"

"हं."

"बग आई, किती समजदार झाली. पहिल्यासारखी वाद घालत न्हाई."

केवळाबाईच्या हातातली भुईमुगाची शेंग तशीच राहिली. असला हुंकारा तिनं एकदाच ऐकला होता. भूकंपात तिची जाऊ दगडमातीखाली होती तेव्हा. माणसं ढिगारा उपसत होती आणि केवळाबाई फटीला तोंड लावून बोलत होती. आधी जाऊ मध्येच बोलायची, शिव्याही घालायची. मग नुसतं हं. मग तहान लागली का म्हटलं तरी हं, न्हाई लागली का म्हटलं तरी हं. ते हं कुणासाठीच नव्हतं. पुढं तेही आलं नाही.

तिनं फोन ओढला. "वर्षे, आपली म्हैस निलंग्याची एसटी चालवायली बग."

"हं."

श्रीमंत हसला. मग हसायचा थांबला.

"गाडी काढ," केवळाबाई म्हणाली.

वर्षाचा फोन चालूच ठेवून निघता निघता त्यानं शेजाऱ्याच्या फोनवरून होस्टेलच्या मॅडमना विनवलं, जरा तिच्याजवळ जाऊन बसा. "खोलीतच आहे हो," मॅडम म्हणाल्या. "आमची सगळ्यात शांत मुलगी. अभ्यासाच्या वेळेत आम्ही कुणाला त्रास देत नाही."

मोटारसायकलवर केवळाबाईनं फोन पदराखाली कानाला दाबला आणि कोल्ह्याची गोष्ट सांगायला घेतली. लहानपणी वर्षा ह्या गोष्टीशिवाय जेवायची नाही, आणि एक शब्द चुकला तरी आज्जीच्या पाठीत गुद्दा घालायची. म्हणून आज्जी मुद्दाम चुकत गेली. कोल्ह्याला शिंगं लावली.

"हं."

त्याला शाळेत मास्तर केलं.

"...हं." उशिरा आलं.

औसा मागं पडलं. सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

"मग कोल्हा मेला. संपली गोष्ट."

फोनमध्ये काहीच नाही. नुसता वारा, तोही इकडचाच. केवळाबाईला मातीचा वास आला.

"वर्षे?"

"न्हाई," घसा खरवडून आल्यासारखा आवाज. "आज्जी, तो मरत न्हाई." आणि रडू फुटलं.

जाऊ शेवटी रडली नव्हती.

"मग काय करतो गं? मी इसरले. तू सांग."

पोर हुंदक्यांतून सांगू लागली.

"हं," केवळाबाई म्हणाली, आणि श्रीमंतच्या पाठीत गुद्दा घातला. गाडी अजून जोरात.