तात्यांचा लाल काटा

ब्याण्णव साली तात्यांनी सांगलीतल्या आपल्या हळदीच्या गिरणीत हळकुंडं चमकवणारा, विजेवर फिरणारा पॉलिशचा पिंप बसवला आणि शिराळ्याच्या केरबाला कामावर घेतलं. दोन चक्क्या आणि हा पिंप केरबा आळीपाळीनं चालवायचा. तरी तेव्हापासून विजेचं बिल फुगून येऊ लागलं. मागच्या गल्लीत केरबाच्या मेव्हण्याची पिठाची चक्की होती, केरबा तिथं चोरून वीज देतो म्हणायला एवढा पुरावा तात्यांना पुरला.

वीज कचेरीतल्या माणसानं समजावलं, की युनिट तेवढीच आहेत, मागणी वाढलीय. महिन्यात एकदा जरी जास्त वीज ओढली तरी मीटरचा लाल काटा वर जाऊन तिथंच थांबतो आणि तेवढी वीज आणणाऱ्या तारांचं भाडं अख्ख्या महिन्याचं बसतं. तात्यांनी त्यातलं 'मागणी' तेवढं ऐकलं. आपण तर काही मागितलं नाही, मग मागतंय कोण?

त्यांनी सगळ्या कामगारांसमोर केरबाला भंडारा उचलायला लावला. चोरून कुणाला लाईन दिली असेल तर बिरोबा बघून घेईल, असं म्हणत केरबानं तो उचलला. तात्यांचं समाधान होईल तर शपथ! हळद आपल्याच गिरणीची, तिला हा कशाला भिईल, म्हणून रोज संध्याकाळी त्याचा जेवणाचा डबा उघडून वायर शोधू लागले. माणसाला इतका हलका करू नये, पण तात्यांना सांगणार कोण?

दर अमावस्येसारखी याही अमावस्येला यंत्रांची पूजा झाली. नारळ फुटला की तिन्ही यंत्रं एकदम सुरू करायची आणि प्रसाद वाटून होईपर्यंत एकही थांबवायचं नाही, हा तात्यांचाच नेम. या गडबडीतच चोर हात मारणार, या खात्रीनं ते मीटरसमोर स्टूल टाकून बसले.

लाल काटा हलला. हळूहळू वर चढला. तात्या तडक मागच्या गल्लीत धावले. मेव्हण्याच्या चक्कीला कुलूप होतं.

परत आले तर काटा आणखी वर. पाठीमागं त्यांची स्वतःची तिन्ही यंत्रं घरघरत होती. दारातून त्यांच्या बायकोनं, गोदावरीनं विचारलं, "प्रसाद झाला वाटून. आता बंद करायची का?"

तात्यांनी होकारार्थी मान हलवली. यंत्रं थांबली, काटा मात्र वरच राहिला. आता पुढच्या अमावस्येला एकेक यंत्र चालवू, असं ते कसंबसं पुटपुटले.

केरबानं देवापुढची भंडाऱ्याची वाटी आणून त्यांच्यापुढं धरली.

"तात्या, मी उचलला तवा तुमी इश्वास ठिवला न्हाई. आता तुमी उचला."

"कशापायी?"

"माझा डबा परत उघडनार न्हाई म्हणून."

सगळे कामगार बघत होते. तात्यांनी वाटीत हात घातला.