म्हसोबाला बोललेला पहिला नर

मोनिकाच्या पोटातली गाठ नगरच्या दवाखान्यात काढायची ठरली, तेव्हा तिच्या सासूने, साळूबाईने, बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलला. सून धडधाकट घरी येऊ दे, आता कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून निघेल तो पहिला नर तुझा.

सून आली, तोवर पिल्लंही निघाली होती. घागर उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून तिला एकच काम उरलं: ओट्यावर बसून पिल्लांना घारीपासून राखायचं. त्यातलं एक तपकिरी पिल्लू भलतंच आगाऊ. आईला सोडून मोनिकाच्या मांडीत झोपायचं आणि उठवलं की वर तिलाच टोचायचं. दुखण्यात हसणं विसरलेली मोनिका त्याच्यापायी एकदा एवढ्या मोठ्याने हसली, की नवरा गोरक्ष शेतातून पळत आला, काय झालं म्हणून.

पिल्लं जरा अंगाने भरली तशी गोरक्षने घाई लावली. "आये, नर कुनता ते सांग. देवाचं ठिवून घ्यायचं न्हाई."

पिल्लांतला नर ओळखावा तर साळूबाईनेच, असा वस्तीत तिचा दबदबा. अचानक टाळी वाजवायची. दचकून मान ताठ करतो तो नर, दबकते ती मादी. वर पाय आणि तुरा बघून ती शब्द द्यायची आणि तो कधी फिरत नसे.

तपकिरी नर निघू नये, एवढंच मोनिकाला हवं होतं. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? नवस तिच्याच जिवासाठी बोललेला.

टाळी वाजली. बाकीची पिल्लं दबकली, तपकिरी तेवढं मान ताठ करून उभं राहिलं. मोनिकाचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. साळूबाईने पिल्लाकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ह्यात नर न्हाई. समद्या माद्याच हायेत."

नवस मिरजगावच्या बाजारातून आणलेल्या कोंबड्यावर फिटला. म्हातारीची नजर अधू झाली म्हणून मोनिकाने मनात देवाचे आभार मानले, आणि मानता मानता तिला लाजही वाटली.

पुढे त्या 'मादी'ला लालबुंद तुरा फुटला आणि एका पहाटे तिने अशी बांग दिली की सगळी वस्ती उठून बसली. मग काय, साळूबाईची पार शोभा झाली. "आयेला नगरला नेऊन चष्मा करावा लागतोय," गोरक्ष दिवसभर चिडवत राहिला. शेजारची छबूबाई तर नव्या पिल्लांची पाटी घेऊन दारावरून तशीच पुढे गेली, दुसऱ्या कोणाला तरी दाखवायला.

"कडंचं काळं नर हाय, बाकी माद्या," साळूबाई जाणाऱ्या पाटीकडे बघत स्वतःशीच पुटपुटली.

मोनिकाने चमकून तिच्याकडे पाहिलं. "आत्या, तुमाला तवाच दिसलं हुतं."

"मग, आंधळी हाय व्हय मी?"

जन्मभर कमावलेलं नाव ह्या बाईने आपल्या एका हसण्यावरून ओवाळून टाकलं, हे कळून मोनिकाला भरून आलं. सख्ख्या आईनेही आणखी काय केलं असतं? तिने वाकून सासूचे पाय धरले. "मी आत्ता जाऊन छबूमावशीला खरं सांगते."

साळूबाईने घाईघाईने तिचं मनगट धरलं. "हळू बोल, बाई. म्हसोबाला अजून वाटतंय, मी चुकले."